बघू

त्या घरात एकही डास नव्हता, आणि त्याचा अभिमान जावई सोडून घरातल्या सगळ्यांना होता. डासांवर धूर मारायचा धंदा ज्याचा, त्याच्याच घरात डास गुणगुणला तर गिऱ्हाईक हसेल, असं मालकांचं म्हणणं. म्हणून खालच्या दुकानापासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येक खिडकीला बारीक जाळी होती. नुसती ठोकलेली नव्हे, स्क्रूने आवळलेली, आणि स्क्रू कुणाला सापडू नयेत म्हणून की काय, वरून रंग फासलेला. खिडकी उघडली तरी पुढे जाळीच. वारा यायचा तो गाळून आल्यासारखा. दुकानातल्या औषधाच्या पिंपांचा वास मात्र जिन्याने थेट वर यायचा, त्याला कुठलीच जाळी आडवी येत नसे.

मालक म्हणजे जावयाचे सासरे. तो त्यांना मामा म्हणे, सासूबाईंना मामी, आणि अख्खं घर, दुकान आणि गाव त्याला म्हणे जावईबापू. पूर्वी त्याला स्वतःचं नाव होतं. तेव्हा तो नदीच्या पाहणीसाठी या गावात आला होता आणि वरच्या मजल्यावरची खोली त्याने भाड्याने घेतली होती. काठाकाठाने फिरायचं, साचलेल्या कोपऱ्यांत गाळणी बुडवायची, पांढऱ्या थाळीत पाणी ओतायचं आणि डासांच्या अळ्यांना कोण खातं ते बघत बसायचं, हे त्याचं काम. खोलीची किल्ली तेव्हा त्याच्या खिशात असे. मग मालकांच्या मुलीशी त्याचं जमलं, लग्न झालं, आणि मामांनी हसत हसत किल्ली मागून घेतली. घरच्या माणसाला किल्ली कशाला? दार उघडंच असतं! पाहणी संपली तेव्हा ते म्हणाले, दुसरं काम मिळेपर्यंत दुकानात जरा हातभार लावा. तेव्हापासून जावईबापू हातभारच लावत होते. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, मागे पांढरा धूर, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पटापट बंद होणाऱ्या खिडक्या.

मामांना उगाच वाईट म्हणू नये. त्यांनी जावयाला कधी पाण्यात पाहिलं नाही. पाण्यात पाहायचा तो जावईच, आणि तेही अगदी शब्दशः. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, काचेची एक टाकी ठेवायची परवानगी त्याला मिळाली होती. तळाशी नदीचा गाळ, दोन दगड, थोडं शेवाळ, पाठीवर उताणे पोहणारे चार किडे, आणि चतुराचं एक पिल्लू. हवेत भिरभिरणारा चतुर सगळ्यांच्या ओळखीचा असतो, पण त्याचं बालपण पाण्यात जातं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि ते बालपण दिसायलाही काही देखणं नव्हे. मातकट, चपटं, सहा पायांचं, गाळात दबा धरून बसलेलं. त्याच्या हनुवटीखाली घडी घातलेला एक आकडा असतो. डासाची अळी वळवळत जवळून गेली की घडी सटकन उलगडते, अळी आत जाते, घडी पुन्हा मिटते. पिल्लू जागचं हलतसुद्धा नाही.

"जेवायला वाढलं की तुम्ही असेच बसता," बायको म्हणायची. तिलाही ते बघायला आवडे. दुकानातला फोन सांभाळून ती वर आली की दोघं जिन्याच्या पायरीवर बसत आणि टाकीतली शिकार बघत. त्यांच्या संसारातली ती एवढीच जागा, जिथे खालचं कुणी हाक मारल्याशिवाय येत नसे.

पण त्या टाकीपाशी बसलं की त्याला लाजही वाटे. रस्त्यात धूर मारायचा तो एक वेळ ठीक, पण मामा नदीकाठाचंही काम घेत. तिथे औषध पाण्यावरच पडे, आणि त्याने डासाच्या अळ्यांबरोबर पाणभुंगे मरत, उताणे पोहणारे किडे मरत, चतुराची पिल्लं पोट वर करून तरंगत. मग काठ रिकामा झाला की पहिले परत येत ते डासच. त्यांचं काय, वाटीभर पाण्यात संसार थाटतात. चतुराच्या पिल्लाला वाढायला वर्ष वर्ष लागतं. डास पुन्हा वाढले की लोक पुन्हा मामांना फोन करत, आणि फोन त्याची बायको घेई, आणि पंप त्याच्या पाठीवर चढे. हे सगळं त्याने मामांना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. मामांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "बघू."

आता या शब्दाबद्दल सांगायला हवं. बाकीच्या जगात 'बघू' म्हणजे बघू. त्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मामा कुणाला तोंडावर नाही म्हणत नसत, ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. कामगाराने सुट्टी मागितली, बघू. गिऱ्हाइकाने दर कमी करायला सांगितले, बघू. मामींची धाकटी बहीण समुद्राकाठच्या गावी राहायची. तिच्याकडे एकदा जाऊन येते म्हणून मामी लग्नानंतर लगेचच म्हणाल्या होत्या, आणि मामा बघू म्हणाले होते. ती बहीण आता दात लावून जेवते, मामींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्या शब्दानंतर कुणी पुन्हा विषय काढत नसे. काढून उपयोग काय?

तर अशा घरात, एका सोमवारी, जावईबापूंना त्यांच्या खऱ्या नावाने फोन आला.

फोन नदी केंद्राच्या बाईंचा होता. नदीच्या वरच्या अंगाला, जिथे ती दगडांतून खाली उतरते, तिथे पाण्यातले किडे आणि मासे डासांना कसे आवरतात याचा अभ्यास करणारं एक लहानसं केंद्र होतं. या बाई पूर्वीच्या पाहणीत त्याच्या वरिष्ठ होत्या. त्यांच्याकडचा माणूस सोडून गेला होता, जागा रिकामी होती, राहायला दोन खोल्या होत्या.

"यायचं असेल तर या," बाई म्हणाल्या. "पण शनिवारपर्यंत सांगा. मला माणूस हवाच आहे. आणि घरी विचारा आधी. इथे दुकान नाही, शेजार नाही, बायकोला करमेल का ते बघा."

फोन ठेवल्यावर दिवसभर तो पंप घेऊन हिंडला, पण धूर कुठे सोडला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रात्री जेवणं आटोपून बायको ओटा पुसत होती. मामी झोपायला गेल्या होत्या. त्याने सगळं एका दमात सांगितलं. बाई, केंद्र, दोन खोल्या, शनिवार.

बायकोचा हात थांबला. तिने फडकं पिळलं, खिळ्याला अडकवलं, आणि म्हणाली, "बघू."

बस. त्याने पुढे एक अक्षर विचारलं नाही. विचारायचं काय? ती याच घरात जन्मली, याच ओट्यापाशी वाढली. वडिलांचं हृदयाचं दुखणं, आईचे गुडघे, दुकानाचा फोन, सगळं तिच्या माथी. तिने तरी नाही कसं म्हणावं? वडिलांसारखंच म्हणाली. त्याला तिचा राग आला नाही. छातीवर पिंप ठेवल्यासारखं मात्र झालं, आणि तो रात्रभर पंख्याकडे बघत पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला दुकानात बोलावून घेतलं. खुर्ची स्वतः पुढे ओढली.

"या जावईबापू, बसा. एक कल्पना सुचलीय. लोकांना हल्ली धूर नको झालाय. खोकला येतो म्हणतात, नैसर्गिक काहीतरी द्या म्हणतात. मी म्हटलं, अरे, नैसर्गिक तर आमच्या जिन्यातच बसलंय!" मामा स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसले. "ती तुमची पिल्लं. नदीतून आणायची, बरणीत घालायची, घराघरातल्या हौदाला एकेक विकायची. जिवंत औषध! मागची खोली तुम्हाला रिकामी करून देतो. फळ्या ठोकून घेऊ, बरण्या मांडू. पंप उचलायची गरज नाही. सगळं तुमच्या हाताखाली, तुमचंच राज्य."

इतकी वर्षं ज्या माणसाला आपलं काम कळत नाही म्हणून तो मनात कुढत होता, तो माणूस आता त्याच कामासाठी खोली द्यायला निघाला होता. उपकाराला नाही म्हणायची सोय नसते. तो म्हणाला, "मामा, पण ती कायमची पिल्लं राहत नाहीत. पुरती वाढली की पाण्याबाहेर येतात. कात टाकतात आणि उडून जातात."

"का?" मामांना खरंच आश्चर्य वाटलं.

"जातातच."

"आपण पोटभर खायला घातलं तरी?"

"तरी."

"बाहेर येतात म्हणजे कशी? काच तर गुळगुळीत असते."

"काडी लागते. लव्हाळं, बोरू, काहीही. त्याला धरून वर चढतात. म्हणून तर टाकीत मी काडी उभी ठेवलीय."

"मग झालं तर!" मामांनी टेबलावर थाप मारली. "काडी ठेवायचीच नाही. उडून गेलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"काडी नसली तर मरतात, मामा. वेळ आली की थांबता येत नाही त्यांना. कात टाकायला जागा नसली की पाण्यातच गुदमरतात."

मामा क्षणभर गंभीर झाले. माणूस हळवा होता. मग म्हणाले, "ते बघू."

बुधवारी सुतार आला. गुरुवारी मागच्या खोलीतून ठोकाठोकीचे आवाज येत होते आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला आत नेऊन दाखवत होते, "ही जावईबापूंची खोली." त्या खोलीला एकच खिडकी होती. तिलाही जाळी. जावई फळ्यांपुढे उभा राहून हसला, मान डोलावली, बरण्यांची मापं सांगितली. आतून तो बुडत चालला होता आणि सगळे त्याचं अभिनंदन करत होते. बायकोने त्या आठवड्यात केंद्राचा विषय काढला नाही. त्यानेही मूग गिळले.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मी जरा मावशीकडे जाऊन येते. दुकानाचा फोन आई घेईल." मावशी गावातच राहायची, चुलत होती, तिच्याकडे ती क्वचितच जाई. त्याला वाटलं, बाईंना उत्तर द्यायचा आज शेवटचा दिवस आहे. आपण घरात असताना तिला समोर बसवत नसेल. बरंच झालं, गेली.

दुपारी त्याने फोन लावला.

"बाई, मला नाही जमणार."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. बाई बहुधा काठावरच होत्या. "घरी विचारलंत?"

"विचारलं."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. "मग मी दुसरीकडे बघते."

तो जिन्यात येऊन बसला. टाकीतल्या पिल्लाने दोन दिवसांपासून खाणं सोडलं होतं. अळ्या त्याच्या तोंडापुढून बिनधास्त वळवळत जात होत्या. पाठीवरच्या पंखांच्या घड्या फुगल्या होत्या, आणि एरवी तळाशी दडणारं ते पिल्लू आता काडीला बिलगून, डोकं पाण्याबाहेर काढून बसलं होतं. एकदोन दिवसांचा प्रश्न. एरवी त्याला आनंद झाला असता, त्याने बायकोला हाक मारली असती. आज त्याला त्या पिल्लाचा हेवा वाटला, आणि हेव्यातून एक घाणेरडा राग उसळला. इथेच राहायचं ना? मग इथल्या रीतीने राहू. त्याने हात घातला, पिल्लाला अलगद सोडवून पाण्यात सोडलं आणि काडी उपसून काढली. पिल्लू काचेला टेकलं, पाय मारले, घसरलं. पुन्हा मारले. तो तिथून उठला आणि खाली जाऊन बरण्या पुसत बसला.

दिवेलागणीला बायको आली. चपलांना चिखल, केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मावशीच्या घरी जायचा रस्ता पक्का होता, तिथे चिखल कुठला? पण त्याच्या डोक्यात ते शिरलंच नाही. ती कुणाशी न बोलता सरळ जिन्यात गेली आणि वरून तिचा आवाज आला.

"अहो! याची काडी कुठे गेली?"

तो वर गेला. "मी काढली."

"तुम्ही?"

"मामा म्हणाले..."

"बाबा काय वाट्टेल ते म्हणतील! हे बघा कसं करतंय." पिल्लू काचेला टेकून धापा टाकल्यासारखं वरखाली होत होतं. तिने वर्तमानपत्र सोडलं. आत लव्हाळ्याची लांब, हिरवी, ताजी काडी होती. ती तिने गाळात रोवली. पिल्लाला दिशा सापडायला थोडा वेळ लागला, मग एक पाय टेकला, मग दुसरा.

"कुठून आणलीस?" त्याने विचारलं. "इथल्या काठावर आता लव्हाळं कुठंय?"

ती पायरीवर बसली. चेहरा लाल झाला होता, आणि ती हसत होती, जशी ती लग्नाआधी भाडेकरूच्या खोलीचं दार वाजवून हसायची. "वरच्या अंगाहून. बाईंच्या इथून. बसने गेले होते. बाई भेटल्या नाहीत, काठावर होत्या म्हणे, पण तिथल्या बाईमाणसाने खोल्या उघडून दाखवल्या. लहान आहेत हो. स्वयंपाकाला ओटासुद्धा नाही. पण खिडकी आहे ना, तिला काहीच नाही. जाळी नाही, गज नाही. हात बाहेर काढला तर सरळ बाहेर. मी कितीतरी वेळ हातच काढून उभी होते." ती थांबली. "असे काय बघताय?"

"तू बघू म्हणाली होतीस."

"हो मग? बघून आले की."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू विझलं.

"तुम्ही नाही म्हणून कळवलंत," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू तुझ्या बाबांसारखं..."

"मी बाबांसारखी?" तिचा आवाज चिरकला. "इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकदा तरी बाबांसारखं बोललेय? मला उलटून विचारायचं तरी! बघू म्हणजे काय गं, एवढं विचारायचं!" आणि ती रडली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, कारण खाली मामा पेपर वाचत होते. तो तिच्या शेजारी बसला. तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. एका शब्दापायी घर गेलं, खिडकी गेली, आणि तो शब्दही तिचा नव्हता, त्याने तिच्या तोंडात कोंबलेला होता.

पहाट संपून उजाडताना तिनेच त्याला हलवलं. "उठा. बघा."

टाकीतल्या लव्हाळ्यावर पिल्लाची रिकामी कात चिकटून होती, पाठीवर चिरलेली, पाय तसेच काडीला घट्ट. चतुर खिडकीच्या जाळीवर बसला होता. पंख अजून दुधट होते. ते सुकले तसा तो थरथरला, उडाला आणि जाळीवर आपटला. मागे आला, पुन्हा आपटला. सूर्य जाळीपलीकडे होता आणि त्याला एवढंच कळत होतं.

"फोन लावा," बायको म्हणाली.

"रविवार आहे."

"लावा."

त्याने लावला. बाईंनी उचलला. तो अडखळत म्हणाला की चूक झाली, यायचंय, दोघांनाही यायचंय, जागा अजून आहे का? पलीकडे पुन्हा नदी ऐकू येत होती. मग बाई काहीतरी बोलल्या आणि फोन ठेवला गेला.

"काय म्हणाल्या?"

त्याने फोन खाली केला. "बघू म्हणाल्या."

बाईंच्या घरी त्या शब्दाचा अर्थ काय होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चतुर पुन्हा जाळीवर आपटला. या खेपेला पंखाचा एक कोपरा वाकला.

तो उठला, दुकानात गेला आणि पेचकस घेऊन आला. आधी रंग खरवडावा लागला. खाली स्क्रूचं डोकं सापडलं, गंजलेलं, पण फिरत होतं. पहिला स्क्रू करकरत निघाला. दुसऱ्याला त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. बायकोने जाळीची कड धरून ठेवली.

करकर खालपर्यंत गेली. "कोण आहे रे तिकडे?" मामांचा आवाज आला. "जाळी कोण काढतंय? जावईबापू? अहो, डास येतील घरात! लावा ती परत, आत्ताच्या आत्ता!"

तो थांबला. हातातला पेचकस घामाने निसटत होता. मग जिन्याच्या कठड्यावरून वाकून, अगदी आदराने, त्याने उत्तर दिलं.

"बघू, मामा!"

खाली स्वयंपाकघरात मामींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. त्या घरात तो शब्द दुसऱ्या कुणी मामांना कधी ऐकवला नव्हता, आणि त्याचा अर्थ मामांइतका कुणालाच माहीत नव्हता.

बायको जाळी धरून त्याच्याकडे बघत होती. "हे कुठलं बघू?" तिने हळूच विचारलं.

"इथलंच," तो म्हणाला, आणि शेवटच्या स्क्रूला लागला.